कप्तानचा उन्हाळा

आमच्या वाडीत उन्हाळा आला हे सगळ्यांत आधी कळायचं ते कप्तानला. आजोबा दरवर्षीप्रमाणे "यंदा काही तसा उकाडा नाही" म्हणत ओटीवर उपरण्यानं वारा घेत बसलेले असायचे, आई माळ्यावरून वाळवणाच्या चटया खाली काढू की नको या विचारात असायची, आणि एक दिवस कप्तान ओटीवरची आपली जागा सोडून विहिरीमागच्या ओल्या मातीत जायचा. तिथं पुढच्या पायांनी खड्डा उकरायचा आणि पोट टेकून पसरायचा. आई ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "झालं, बसला बाई खड्ड्यात. काढा आता चटया." पंचांगापेक्षा तिचा त्याच्यावर विश्वास जास्त होता. मग पापड, सांडगे, कुरडया यांची धांदल सुरू व्हायची आणि घरभर हिंगाचा वास भरून राहायचा.

कप्तान हा आमचा कुत्रा. आमचा म्हणजे खरं तर भाऊकाकांचा, माझ्या धाकट्या काकांचा. ते गोदीत कारकून होते. तिथला एक गोरा साहेब कायमचा विलायतेला परत निघाला, तेव्हा जाता जाता त्यानं हे धूड काकांच्या गळ्यात मारलं. धूडच ते. अंगावर तांबूस आणि पांढऱ्या केसांची एवढी रास, की पावसाळ्यात भिजून आला तर अर्धी ओटी त्याच्यापायी ओली व्हायची. रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन येणारी कोळीण त्याला पहिल्यांदा झोपलेला बघून दारातच थबकली आणि म्हणाली, "अगो बाय, याचं तोंड कंच्या अंगाला हाय गो?" थंड मुलखातलं जनावर ते. बर्फात लोळायला देवानं घडवलेलं, आणि नशिबानं आणून टाकलं गिरगावात, माडांच्या आणि घामाच्या राज्यात. आजोबांना त्याचं येणं मुळीच रुचलं नव्हतं. देवाधर्माचं घर, त्यात हे साहेबाचं उष्टं, असं ते मोठ्यानं म्हणायचे. पण कप्तान त्यांच्या खडावांवर डोकं ठेवून झोपला की पाय न हलवता तास तास बसून राहायचे, हेही मी बघितलेलं आहे.

त्याला उन्हाळ्यात सांभाळायचं हे एक शास्त्रच भाऊकाकांनी बसवलं होतं. भल्या पहाटे, तारे विझता विझता, ते त्याला चौपाटीवर न्यायचे. मी हट्ट करून सोबत जायची. वाळू तेव्हा गार असायची, ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूवर खेकड्यांची लगबग चाललेली असायची, आणि कप्तान त्या गार चिखलात पोट घासत फिरायचा. उन्हं चढायच्या आत घरी. मधे कधी बाहेर न्यायची वेळ आलीच तर काका आधी आपला जोडा काढून अनवाणी पाय रस्त्यावर ठेवायचे. त्यांच्या पायाला सोसला तर कप्तान निघायचा, नाहीतर तसेच माघारी. पाणी ओतायचं ते पोटाला आणि पंजांना, डोक्यावर बदाबदा नाही. सावलीत मातीचं पसरट परळ ठेवायचं आणि त्यातलं पाणी कोमट झालं की बदलायचं. दुपारी विहिरीमागे भिजवलेलं गोणपाट. जेवणात ताकभात, तोही दिवस कलल्यावर. एकदा तर घरी येणाऱ्या न्हाव्यालाच त्यांनी याचे केस कापायला सांगितलं. न्हावी हात जोडून म्हणाला, "भाऊसाहेब, आज कापतो, पण उद्या तुम्हीच म्हणाल, याच कातरीनं माझी हजामत केलीस म्हणून." शेवटी काकांनी शिवणाची जुनी कातर दिली आणि फक्त पोटाखालचे केस कापवून घेतले. पाठीवरच्या केसांना हात लावू दिला नाही. "ते त्याचं छप्पर आहे," म्हणाले, "छप्पर काढून कुणी उन्हात बसतं का?"

गिरगावच्या रस्त्यावरून तेव्हा घोड्यांची ट्राम जायची. उन्हाळ्यात त्या घोड्यांच्या डोक्यावर चक्क टोप्या घातलेल्या असायच्या, साहेबाच्या सोला हॅटसारख्या, कानांसाठी भोकं पाडलेल्या. आता सांगितलं तर माझी नातवंडं "आजी, काहीतरीच!" म्हणून हसतात. हसा बापडे! मी डोळ्यांनी बघितलेल्या आहेत. मी काकांच्या मागे लागले, की घोड्याला टोपी मग आमच्या कप्तानला का नाही? आणि काका असे, की ट्रामच्या तबेल्यातून एक फाटकी टोपी पैदा करून आणली. कप्तानच्या डोक्यावर ती घातल्यावर ओटीवर जो हशा उसळला! आजोबासुद्धा उपरणं तोंडाला लावून हसत होते. माजघराच्या दारामागे काकी, भाऊकाकांची बायको, भिंतीला टेकून हसत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता, त्यावरून कळलं. कप्तान क्षणभर मोठ्या रुबाबात उभा राहिला, मग त्यानं टोपी पाडली आणि विहिरीमागे नेऊन सावकाश खाऊन टाकली.

त्या वेळच्या दुपारी मला अजून स्वप्नात येतात. जेवणं झाली, ओटीवरचे वाळ्याचे पडदे भिजवले, की सगळी वाडी एकाएकी गप्प व्हायची. पडद्यातून गार, मातकट, सुगंधी असा वारा यायचा. माळ्यावर गवतात आढी घातलेले आंबे पिकत असायचे आणि त्यांचा वास जिन्यावरून एक एक पायरी उतरत खाली यायचा. माडाच्या झावळ्या सळसळायच्या, आणि त्या थांबल्या की मग लांबून समुद्र ऐकू यायचा. रस्त्यावर भिस्ती पखालीतून पाणी शिंपत जायचा, त्याची धार तापल्या धुळीवर पडल्याचा चर्र आवाज मी डोळे मिटून ऐकायची. मी झोपलेय की जागी आहे हे मलाच कळत नसे. कप्तानचा श्वास तेवढा मागून येत राहायचा, हाः हाः हाः, एका लयीत. परवा नातवाच्या घरी गेले होते. त्यांचं ते चिमुकलं पांढरं कुत्रं विजेच्या पंख्यासमोर उशीवर झोपलेलं. नातसून म्हणाली, "आजी, उन्हाचं फार सोसत नाही हो याला." मी म्हटलं, नाहीच सोसत बाई, कुणालाच सोसत नाही. ती भलतीकडेच बघत होती, तिला माझं बोलणं ऐकू गेलं नसावं.

टोपीच्या त्या उन्हाळ्यानंतरच्या पावसाळ्यात भाऊकाकांना ताप आला आणि त्या तापातच ते गेले. ते सगळं मी इथं लिहीत बसणार नाही. एवढंच सांगते, की त्यानंतर घरात त्यांचं नाव उच्चारायचं बंद झालं. कुणी बंदी घातली नव्हती, पण आजोबांच्या समोर ते नाव निघालं की ते उठून आत जायचे, म्हणून हळूहळू सगळ्यांनीच ते सोडलं. 'तो', 'ते', 'त्या वेळी' असं बोलायचं. आणि काकी? ती तर बायको. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा रीतच नव्हती. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. काकी माझ्याहून फार मोठी नव्हती, विशीसुद्धा गाठली नव्हती तिनं. बांगड्या गेल्या, कुंकू गेलं, ताटातली मासळी गेली, आणि ओटीवर येणं तर साफच गेलं. मागच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात तिचा दिवस जायचा. सासऱ्यांशी सून आधीही बोलत नसेच, त्यामुळे त्या दोघांमधली टपाल म्हणजे मी. "चिंगे, मामंजींना विचार, ताक आणू का." "चिंगे, तिला सांग, आज नको." एकाच घरातली दोन दुःखी माणसं, आणि त्यांच्यात ताकाखेरीज शब्द नाही. मला तेव्हासुद्धा ह्याचा राग यायचा आणि आजही येतो.

कप्तानकडे मात्र आजोबा आता बघेनासे झाले. तो खडावांवर डोकं ठेवायला आला की पाय काढून घ्यायचे. त्याला कुठंतरी देऊन टाका, असं एकदोनदा म्हणालेही, पण देणार कुणाला? मग त्या बिचाऱ्याला मागच्या दारी काकीजवळच थारा मिळाला. उन्हाळा आला तसं भाऊकाकांचं सगळं शास्त्र काकीनं एकही गोष्ट न विसरता चालवलं. काकांकडून ती ते कधी शिकली होती, देव जाणे. दारामागून बघून बघूनच शिकली असेल. गोणपाट भिजवायची, परळातलं पाणी बदलायची, स्वतःच्या वाटणीचं ताक त्याच्या भातात घालायची. फक्त पहाटे चौपाटीवर जाणं तिला शक्य नव्हतं. मग ती मला उठवायची आणि कानात सांगायची, "चिंगे, आधी पाय टेकून बघ हं." वाडीच्या फाटकापाशीच आमची दोघांची फेरी संपायची. त्याहून लांब जायला मला परवानगी नव्हती, आणि उन्हाळ्यात मोकळी कुत्री धरून नेणारी गाडी फिरायची तिचीही भीती होतीच. पिसाळलेल्या कुत्र्याच्या नुसत्या नावानं त्या दिवसांत माणसं चळचळा कापायची. चावलं की औषध नाही, मरण ठरलेलं. त्यामुळे उन्हानं धापा टाकणारं कुत्रं दिसलं तरी लोकांचे हात काठीकडे जायचे.

आणि मग अक्षय्य तृतीया आली. आमच्यात त्या दिवशी पितरांच्या नावानं उदककुंभ देतात. कुंभारवाड्यातून कोरे माठ आणायचे, त्यांत गाळलेलं पाणी भरायचं, वाळा आणि चंदन घालायचं, वर आंब्याचं पान आणि फळ ठेवायचं, आणि संकल्प करून ते ब्राह्मणाला द्यायचे. ज्याच्या नावानं माठ दिला त्याची तहान तिकडे भागते, अशी श्रद्धा. त्या वर्षी दोन माठ होते. एक आजोबांच्या आईच्या नावचा, तो दरवर्षीचाच. दुसरा नवीन. तो कुणाचा हे कुणी बोललं नाही. काकीनं तो पहाटेच भरला. सोवळं नेसून, ओल्या केसांनी, पाणी तिहेरी फडक्यातून गाळून. आदल्या दिवशी वाडीच्या विहिरीचा गाळ काढला होता, पाणी अजून गढूळ होतं; शेजारच्या वाडीतून दोन घागरी आणल्या होत्या, त्या माठांत आणि स्वयंपाकात संपल्या. नळाचं पाणी आजोबांना देवाच्या कामाला चालत नसे. माठ भरून झाल्यावर काकीनं त्याच्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. आई म्हणाली, "दे गो आता, ओटीवर ठेवते, भटजी येतील." माठ ओटीवर नेऊन ठेवला तो आईनंच.

घरात सगळं सोवळं. कप्तान मध्येच येऊन कुणाला शिवला तर पुन्हा आंघोळ, आणि पाण्याची ही अशी चणचण. तेव्हा आजोबांनी सांगितलं, त्याला अंगणाच्या कोपऱ्यातल्या माडाला बांधा. सकाळी तिथं छान सावली होती, शेजारच्या घराची. बांधताना आईनं परळ भरून पाणीही ठेवलं. काकी चुलीपाशी पुरण ढवळत होती. तिनं मला खुणेनं बोलावलं. "चिंगे, त्याच्यावर सावली आहे ना?" मी जाऊन बघून आले, सांगितलं, आहे. आणि होतीच. पण मुंबईचं वैशाखातलं ऊन ते, बघता बघता डोक्यावर येतं. शेजारच्या घराची सावली भिंतीला चिकटली, आणि उरली ती माडाची. माडाची सावली ती केवढी, तिच्यात सुखानं बसायचं म्हणजे उंदराएवढं पाहिजे. हे अंगणात राबणारी कोणीही बाई सांगू शकली असती, पण त्या दिवशी अंगणात कुणी नव्हतंच. सगळे आत, नैवेद्याच्या गडबडीत. मला भटजींना वारा घालायला बसवलं होतं. कप्तान आधी भुंकत होता. आजोबा म्हणाले, "लक्ष देऊ नका, नैवेद्याचा वास लागलाय त्याला." पुढं तो भुंकायचा थांबला, तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं.

काकीला नाही वाटलं. ती दोनदा माजघराच्या दारापर्यंत आली. मला दिसलं. दारातून अंगणाचा तो कोपरा दिसत नसे. ती आईला म्हणाली, "वहिनी, तो गप्प का झाला?" आई म्हणाली, "झोपला असेल. तू सोवळ्यात आहेस, जाऊ नकोस हं. पुन्हा न्हायला पाणी नाही घरात." काकी परत चुलीपाशी गेली. भटजी मांडी घालून बसले, पळी-पंचपात्र काढलं. माझे बाबा कचेरीत गेले होते, त्यांना त्या दिवशी रजा मिळाली नव्हती, म्हणून आजोबाच दान द्यायला बसले. त्यांच्या आईचा माठ आधी. संकल्प सांगून झाला. आता दुसऱ्या माठाची वेळ आली, आणि तेवढ्यात बाहेरून ओरडा ऐकू आला.

"पिसाळलाय! पिसाळलाय! आत व्हा सगळे!"

ते होते दाजी, आमचे शेजारी. विहिरीवर निघाले होते आणि त्यांनी कप्तानला बघितलं. मी पंखा टाकून ओटीच्या कडेला धावले. ते परळ कधीच उलटं झालं होतं. दोरी माडाला गुंडाळून गुंडाळून एवढीशी राहिली होती, आणि कप्तान आडवा पडून हवेत पाय मारत होता. तोंडाला फेस. जीभ काळीनिळी, डोळे फिरलेले. खोटं कशाला सांगू, मलासुद्धा तो पिसाळलेलाच वाटला. दाजी घरात जाऊन दांडकं घेऊन आले, त्यांच्यामागून आणखी दोघं जण. "बाबासाहेब," ते आजोबांना म्हणाले, "दोरी तुटायच्या आत उरकू दे. पोरंबाळं आहेत वाडीत." आजोबा पाटावरून उठले होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ते कप्तानकडे बघत होते, त्या अख्ख्या वर्षात पहिल्यांदाच नीट बघत होते, आणि काही बोलत नव्हते. दाजींनी ते गप्प राहणं म्हणजे होकार धरला आणि दांडकं उचललं.

माझ्या अंगावरून कुणीतरी धावत गेलं. काकी! सोवळ्यात, डोक्यावरचा पदर घसरलेला, पायांत काही नाही. वर्षभर ती ओटीवर आली नव्हती. तिनं इकडे तिकडे बघितलं. विहिरीचं ओढायला वेळ नव्हता, आणि हाताशी पाणी होतं ते एकाच ठिकाणी. तिनं पाटाजवळचा दुसरा माठ उचलला. वरचं आंब्याचं पान खाली पडलं, फळ घरंगळत भटजींच्या मांडीला लागलं. "अहो, अहो! हे काय!" भटजी म्हणाले. ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा होती. अंगण फरशीचं, एवढं तापलेलं, की आम्ही पोरं तिथून पळत पळत जायचो. ती त्यावरून माठ पोटाशी धरून चालत गेली, दाजींच्या दांडक्याखालून, आणि खाली बसली.

"सूनबाई, चावेल!" दाजी ओरडले. "मागे व्हा!"

"उन्हानं झालंय हो त्याला," ती म्हणाली. मान वर न करता, पण मोठ्यानं, सगळ्या पुरुषांत. "उन्हानं झालंय. पिसाळलेला नाही."

तिनं माठ कलता केला. आधी पोटावर. मग पंजांवर, एक एक पंजा हातात धरून. मग पुन्हा पोटावर. घाई नाही, बदाबदा नाही. वाळ्याचा आणि चंदनाचा वास सगळ्या अंगणात पसरला. दोरीची गाठ सुटेना, तेव्हा तिनं ती दातांनी सोडवली. पदराचं टोक भिजवून त्याच्या कानांवर धरलं. आम्ही सगळे बघत उभे. किती वेळ गेला कोण जाणे, मला तर झोपेत असल्यासारखं वाटत होतं, आवाज सगळे लांबून येत होते. मग तिनं ओंजळीत पाणी घेऊन त्याच्या तोंडाजवळ नेलं. दाजींनी श्वास रोखला. पिसाळलेलं कुत्रं पाणी बघून फेफरं आल्यासारखं करतं, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. ओंजळ तशीच राहिली. पाणी बोटांतून गळत होतं. आणि कप्तानची जीभ हलली. एकदा हलली, थांबली, पुन्हा हलली. तो तिच्या हातातलं पाणी पीत होता.

दाजींनी दांडकं भिंतीला टेकवलं आणि "अगं बाई गं," असं म्हणून तिथंच मटकन बसले. एरवी मोठे तालेवार गृहस्थ, पण त्या दिवशी बायकांसारखे "अगं बाई" म्हणाले. त्यावरून आम्ही पुढं त्यांना खूप चिडवलं.

पण ओटीवर वेगळंच चाललं होतं. आई तोंडाला पदर लावून उभी होती. भटजी म्हणाले, "बाबासाहेब, कुंभ तर गेला. दानाचं पाणी कुत्र्यावर. आता दुसरा माठ आणवा, संध्याकाळपर्यंत वेळ आहे तिथीला." ते वाईट मनानं बोलत नव्हते, त्यांचं शास्त्र सांगत होते. काकीनं ते ऐकलं. तिचे हात थांबले. माठात अजून थोडं पाणी होतं. आता तिला समजलं होतं आपण काय केलं ते, कुणाचं पाणी उचललं ते. मला इतकं रडू आलं तिच्यासाठी! मला वाटलं, आता आजोबा तिला माहेरी धाडतील.

आजोबा पायऱ्या उतरले. खडावा न घालता. ती तापलेली फरशी त्यांच्या पायांना लागली, तेव्हा ते मध्येच थबकले आणि त्यांनी आपल्या तळपायांकडे बघितलं. मग कप्तानकडे. मग तसेच पुढं गेले आणि काकीपासून दोन हातांवर उभे राहिले. त्यांची सावली त्या दोघांवर पडली. ते तिथून हलले नाहीत.

"भटजी," ते म्हणाले, "संकल्प सांगा."

"अहो, पण कुंभ..."

"पाणी अजून आहे त्यात. ते पडतंय तोवर सांगा."

भटजी बघत राहिले. म्हातारे गृहस्थ, आमच्या घरचं सगळं बरंवाईट त्यांच्याच हातचं. भाऊकाकांची मुंज त्यांनीच लावली होती. ते पळी घेऊन ओटीच्या कडेशी आले, घसा खाकरला आणि म्हणायला लागले. देश, काळ, तिथी, गोत्र. मग थांबले. पुढं नाव यायचं. भटजींना नाव ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते उच्चारायचं देणाऱ्यानं. आजोबांनी तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा प्रयत्न केला, आणि त्यांचा खालचा ओठ लहान मुलासारखा वाकडा झाला. आई माझा खांदा दाबून उभी होती.

"मोरेश्वर," काकी म्हणाली.

खाली मान, ओले हात कप्तानच्या गळ्याभोवती. मग तिनं मान वर केली आणि सरळ सासऱ्यांच्या तोंडाकडे बघून पुन्हा म्हणाली, "मोरेश्वर." कुणी तिला अडवलं नाही. उरलेलं पाणी तिनं त्याच्या पोटावर सावकाश ओतलं. भटजींनी ते नाव उचललं, मंत्रात गुंफलं आणि संकल्प पुरा केला. आजोबा रडत होते. उपरणं खांद्यावर होतं, पण त्यांना डोळे पुसायचं सुचत नव्हतं. भाऊकाका गेले त्या दिवशीही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

सोवळं-ओवळं, नैवेद्य, जेवणं, सगळंच त्या दिवशी उशिरा झालं. पुरण खाली लागलं होतं, तेच सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्लं. कप्तानला दोघांनी गोणपाटावर उचलून ओटीच्या सावलीला आणलं. उभा राहायला त्याला तिन्हीसांजा झाल्या, पण राहिला. तोवर काकी त्याच्याशेजारी फरशीवर बसून होती, भर ओटीच्या पुढ्यात, रस्त्यावरून दिसेल अशी. येणारेजाणारे बघत होते. दाजींची बायको मुद्दाम दोनदा विहिरीवर येऊन गेली. आई आतून मला सारखी खुणावत होती, तिला आत बोलाव म्हणून. मी जायला निघाले तर आजोबांनी हाक मारली.

"चिंगे."

"काय आजोबा?"

ते अंगणाकडे बघत होते. "फरशी अजून भाजत असेल," म्हणाले. "तिला चटई नेऊन दे. मोठी ने, दोघं आहेत."

मी माजघरातून वाळवणाची मोठी चटई ओढत ओढत बाहेर नेली.